अठरा हजारांची मारुती ८०० घरी उभी करताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं काढली आहेत आणि एक-दोन किरकोळ तपशील बदलले आहेत. मी या कामात हात घातला नाही. शेजारी असल्यामुळे येता-जाता बघितलं, आणि हिशेबाची वही नंतर मला वाचायला मिळाली.

मुख्य माणसं दोन. एक मामा: साखर कारखान्यात फिटर, पन्नाशी ओलांडलेले. दुसरी त्यांची भाची: पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. गळीत हंगाम संपला की कारखान्यात मेंटेनन्सचं काम असतं, पण पाळ्यांची धावपळ नसते, आणि मामांचे हात संध्याकाळी रिकामे राहतात. भाचीला पुस्तकातलं इंजिन प्रत्यक्षात खोलून बघायचं होतं. मामांना घरात चारचाकी हवी होती आणि कर्ज नको होतं.

गाडी सापडली गगनबावड्याच्या बाजूला. मारुती ८००, १९९८ ची, पांढरी, बिनएसीची, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. मूळ मालक शिक्षक होते, ते वारल्यापासून पाच-सहा वर्षं गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो याच पट्ट्यात. शिक्षकांच्या मुलानं पंचवीस हजार सांगितले आणि सौदा अठराला ठरला. भंगारवाला सतरा द्यायला तयार होता. म्हणजे गाडी लोखंडाच्या भावात आली, आणि हे मामांनाही कळत होतं.

मारुती ८०० निवडण्यात शहाणपण होतं. १९८३ च्या डिसेंबरात सुरू झालेलं हे मॉडेल २०१४ च्या जानेवारीत बंद झालं. तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही होतं, आणि ओम्नी २०१९ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे इंजिनाचं सामान तालुक्याच्या दुकानातही मिळतं. अडचण येते ती काचांची रबरं, दाराची कुलपं, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचे तुकडे अशा वस्तूंना. त्यासाठी भंगार बाजाराच्या वाऱ्या कराव्या लागतात.

अडचण नेमकी कुठे होती

बघायला गेले तेव्हा दोघांचं लक्ष बोनेटखाली होतं. इंजिन जाम आहे का, पंखा हातानं फिरतो का, ऑइलमध्ये पाणी आहे का. बहुतेक सगळे हेच बघतात. पण इतकी वर्षं ओलीत उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन ही तिची सगळ्यात सोपी अडचण असते. या गाडीची खरी दुखणी तीन होती, आणि तिन्ही पहिल्या भेटीत नीट दिसली नाहीत.

पहिलं दुखणं कागदांचं. आरसी बुक वारलेल्या मालकाच्या नावावर. नोंदणीची पहिली पंधरा वर्षं २०१३ मध्ये संपली होती, पुढं पाच वर्षांचं नूतनीकरण झालं होतं आणि तेही २०१८ मध्ये संपलं होतं. शिवाय आरसीवर एका सहकारी बँकेचा बोजा तसाच चढलेला. कर्ज फिटून वीस वर्षं झाली होती, पण बोजा उतरवायला कोणी गेलंच नव्हतं. दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती.

दुसरं पत्र्याचं. मारुतीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. जमिनीचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पेट्या आणि चाकांवरचे टप मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. दाराखालच्या पेटीतून पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती शेणमातीनं बुजली की पेटी आतून कुजते आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. इथं डाव्या बाजूच्या पेटीत स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा रबरी मॅटच्या आधारानं टिकून होता असं म्हटलं तरी चालेल.

तिसरं ब्रेकचं. मागची दोन्ही चाकं जाम होती, म्हणून टोचन करून आणता येईना. आयशर टेम्पोत चढवून गाडी आणावी लागली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं; वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल सिलिंडरला आतूनच गंजवतं.

गाडी दारात उतरली तेव्हा मामी म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." हिशेबाच्या वहीत मसाला पुढं त्याहूनही महाग निघाला.

समोरचे पर्याय

गाडी घरी आल्यावर, पहिला पाना लागण्याआधी, तीन वाटा होत्या.

एक: गाडी सुटी करून सामान विकायचं. इंजिन, गिअरबॉक्स, काचा आणि चाकं मिळून घातलेले पैसे कदाचित निघाले असते. भाचीला इंजिन खोलायलाही मिळालं असतं, पण घरात गाडी आली नसती.

दोन: आरटीओच्या तपासणीत पास होईल एवढंच काम करायचं. पत्रा, ब्रेक, दिवे, टायर. रंग आणि सीट पुढं कधीतरी.

तीन: पूर्ण गाडी नव्यासारखी करायची. मामांच्या मनात हीच वाट होती, तीही लाल मेटॅलिक रंगात.

ठरली तिसरी. माझ्या मते निर्णयातली चूक वाट निवडण्यात नव्हती. तिसऱ्या वाटेची सुरुवात दुसऱ्या वाटेनंच होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते पहिल्याच आठवड्यात इंजिनाकडे वळले.

काय केलं: इंजिन आधी

सुरुवात सावधपणे केली, याचं श्रेय भाचीला. मामांना थेट बॅटरी लावून सेल्फ मारायचा होता. तिनं प्लग काढले, तिन्ही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. फिरलं. टायमिंग बेल्ट न बघता बदलला. रबर चाललं नाही तरी म्हातारं होतंच.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं तेव्हा दोन सिलिंडर दहाच्या आसपास आणि तिसरा सातवर. हा खरा निर्णयाचा क्षण. गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिन खोला, शिवाजी उद्यमनगरात बोअर मारून (सिलिंडर आतून किंचित मोठे करून) घ्या, मोठ्या मापाचे पिस्टन टाका. कोल्हापुरात हे सोपं आहे. लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग सगळं एका गल्लीत होतं. भाचीनं त्याआधी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा दहाच्या जवळ गेला. म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगांतून होती. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइलनं फरक पडला नसता. उभ्या गाडीत रिंगा खाचेत चिकटतात आणि चालल्यावर पुष्कळदा सुटतात. इंजिन न खोलता चालवून बघायचं ठरलं. महिनाभर चालल्यावर तिसरा सिलिंडर नऊवर आला. बोअरिंगचा खर्च निदान तेव्हा तरी वाचला.

पेट्रोलची बाजू जास्त त्रासाची निघाली. टाकीत तळाला डांबरासारखा चिकट थर होता. टाकी उतरवून धुतली, पण आतून गंज सुटत राहिला, म्हणून शेवटी भंगार बाजारातून दुसरी आणली. कार्बोरेटर खोलून क्लीनरनं साफ केला, किट टाकलं. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घालायची नाही हे मामांना दोनदा सांगावं लागलं. जेटचं भोक हे माप असतं. तारेनं ते वाढलं की मिश्रण बिघडतं.

इथं एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. २०२३ पासून पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल यायला लागलं आणि तोवर ई-१० सगळीकडे होतंच. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात. मामांच्या कारखान्यातच डिस्टिलरी आहे. स्वतःच्या कारखान्यात तयार होणाऱ्या मालापासून स्वतःची गाडी वाचवायला त्यांनी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घातले, इंजिनाच्या पेट्रोल-पंपाचा पडदाही बदलला.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले. गाडीला तोवर ब्रेक नव्हते, जमीन नव्हती आणि कायद्याच्या दृष्टीनं मालकही नव्हता.

कागद

आरटीओबाहेरच्या एका एजंटानं मामांना विचारलं, "वारस नोंद झाली का?" तिथून चक्र फिरलं. क्रम असा निघाला: आधी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा, मग फॉर्म ३१ वर गाडी मयताच्या नावावरून मुलाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० वर मुलाकडून मामांकडे, आणि फॉर्म २५ वर नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची. आरसी इतकी जुनी होती की संगणकावर नोंद अपुरी निघाली, ती आधी भरून घ्यावी लागली.

एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच बरोबर केली होती. अठरापैकी आठ हजार हातात ठेवले होते, वारस नोंद झाल्यावर द्यायचे म्हणून. मुलगा पुण्यात नोकरीला. हे आठ हजार बाकी नसते तर तो सहीसाठी इतक्या वेळा आला असता का, याबद्दल मला शंका आहे.

खर्चही समजून घेतला पाहिजे. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. उशिरासाठी विलंब शुल्क वेगळं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा ३,००० रुपये होता. थर्ड पार्टी विमा तेव्हा २,०९४ आणि त्यावर जीएसटी. सगळं मिळून, एजंट धरून, साधारण पंचवीस हजार गेले. गाडीच्या किमतीहून जास्त. (ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे, तेव्हा आज हा हिशेब आणखी जड होईल.)

कागदांनीच दोन कामंही ठरवली. लाल मेटॅलिक रंगाचा बेत मागे पडला, कारण रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि मामांना आणखी एक फॉर्म नको होता. दुसरं, इंजिनामागच्या पत्र्यावरचा चासी नंबर. इन्स्पेक्टर त्याची पेन्सिल-छाप घेतात. ग्राइंडरचा एक फटका तिथं बसला असता तर सगळं मुसळ केरात. भाचीनं त्या जागेवर जाड टेप लावली, गंज हातानं पॉलिश पेपर घेऊन काढला आणि मामांना तिथं ग्राइंडर न्यायची बंदी केली.

पत्रा

मामांचा हात इथं चालेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. माणूस तीस वर्षं वेल्डिंग करतोय. पण कारखान्यातलं वेल्डिंग दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटवर, आणि मारुतीचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा. एका भंगार दारावर आर्क (रॉडचं वेल्डिंग) मारून बघितलं तर टाका पडायच्या आधी भोक पडत होतं. सगळ्यात बारीक रॉड घेऊनही तेच.

पर्याय तीन: तसंच रेटायचं, गॅसनं पितळी डाग मारून घ्यायचे, किंवा मिग (पातळ पत्र्याला चालणारं, तारेचं) वेल्डिंगवाला बोलवायचा. मामांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग मिगवाल्याला फोन केला. माझ्या दृष्टीनं सबंध प्रकल्पातला हा सगळ्यात चांगला निर्णय. डाग नुसत्या झाकणाला चालतात. दाराखालची पेटी गाडीचं वजन पेलते, तिथं नाही.

काम वाटून घेतलं. कुजलेला पत्रा कापणं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कडा साफ करणं, पुठ्ठ्याचं माप काढून नवे तुकडे कापणं आणि वाकवणं हे घरी. मिगवाला यायचा, टाके मारायचा, जायचा. एकसलग न ओढता एक टाका इथं, एक तिथं, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती, सीट आणि कार्पेट बाहेर, बॅटरी सुटी.

मिगवाल्यानंच आणखी एक शिकवलं. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापायच्या नाहीत. एक बाजू पूर्ण झाल्यावर दुसरी. आणि कापताना दार लावून-उघडून बघत राहायचं. फट वरून रुंद आणि खालून अरुंद व्हायला लागली की समजायचं, गाडी मधे वाकतेय. गाडीखालच्या घोड्या सरकवून आधार बदलायचा.

मग जून आला. रंगाची घाई झाल्यामुळे भाचीनं एका सुट्टीत बोनेट, दोन्ही मडगार्ड आणि तीन दारं खरवडून उघडी केली होती. प्रायमर पुढच्या रविवारी मारू म्हणून. मधल्या आठवड्यात पाऊस लागला आणि उघड्या पत्र्यावर केशरी थर चढला. सगळं पुन्हा घासलं. त्यातल्या दोन जागी आधी लांबी (खड्डे भरायची पुटी) लावून झाली होती. लांबी ओल पिते, तिच्याखाली गंज चालू राहतो, म्हणून तीही खरवडून काढली. रंगाचं काम दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेवर ढकललं आणि ते बाहेरच्या पेंटरकडून करून घेतलं. घरच्या कॉम्प्रेसरनं त्यांनी फक्त आतला भाग आणि बूड मारलं.

ब्रेक आणि टायर

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, आणि पैसेही वाचवले नाहीत. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज आणि गंजलेले लोखंडी पाइप नवे. मागचे ड्रम उद्यमनगरात लेथवर हलके टर्न करून घेतले, मर्यादेच्या आतच बसले. टायरांची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूवरचा चार आकडी कोड २००९ सांगत होता. पाचही बदलले, स्टेपनीसकट.

निष्पत्ती

नूतनीकरण जानेवारी २०२४ मध्ये झालं. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ठरलेल्या ३ टक्क्यांच्या आत आला, तोही कार्बोरेटरचा स्क्रू तिथंच थोडा फिरवल्यावर. तपासणीत इन्स्पेक्टरनं मागचा एक दिवा आणि हॉर्न यांवर बोट ठेवलं, दोन्ही त्याच दिवशी दुरुस्त झाले.

वहीतला हिशेब: गाडी अठरा हजार, कागद पंचवीस, पत्रा आणि मिग साडेदहा, ब्रेक-टायर एकोणीस, इंजिन आणि पेट्रोलचं काम साडेनऊ, बॅटरी साडेतीन, रंग सोळा, सीट आणि कार्पेट तीन. एक लाख साडेचार हजार. बाजारात अशी गाडी आज निम्म्या पैशाला देणारे भेटतील. टेम्पोचं भाडं, पेढे आणि मामींनी गाडीखाली झोपलेल्या माणसांना केलेला चहा यात नाही.

मिळालं काय? घरात चारचाकी आली, बाजाराला आणि दवाखान्याला रोज चालते. भाचीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कॉम्प्रेशनच्या मोजमापांवर अहवाल लिहिला. आणि गल्लीतल्या आणखी दोन जणांनी जुन्या गाड्या बघायला सुरुवात केली. तो फायदा की तोटा, ते अजून ठरायचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कागदांची चौकशी सौद्याच्या आधी व्हायला हवी होती. आरसी बुकचा एक फोटो घेऊन आरटीओत अर्धा दिवस घालवला असता तर बोजा, वारस नोंद आणि विलंब शुल्क हे तिन्ही समोर आले असते. तेव्हा सौदा अठराला न ठरता दहा-बाराला ठरला असता, किंवा बोजा उतरवायचं काम विकणाऱ्याकडे राहिलं असतं. इंजिनावर खर्च झाला त्या दिवशी गाडी मामांच्या नावावर होईल याची खात्री नव्हती. बँकेचा दाखला मिळालाच नसता तर ते पैसे गेले होते.

इंजिन आधी सुरू करण्याच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तो भाची मांडते: इंजिन चाललं नसतं तर मामांनी पावसाळ्यात हात टेकले असते. यात तथ्य आहे. पण प्लग काढून हातानं फिरवणं आणि कॉम्प्रेशन मोजणं एवढ्यावरही तो धीर मिळाला असता, आणि त्याला जवळजवळ काही खर्च नव्हता. नव्या टाकीचे आणि पाइपांचे पैसे तीन महिने थांबू शकले असते. झालं असं की टाकी बसवली, मग वेल्डिंगसाठी पुन्हा उतरवली, मग पुन्हा बसवली.

पत्र्याच्या बाबतीत साधा नियम पुरला असता: संध्याकाळपर्यंत प्रायमर मारता येईल तेवढाच भाग सकाळी उघडायचा. आणि गाडी बघायला जाताना खिशात स्क्रू-ड्रायव्हर न्यायचा, विकणाऱ्याची परवानगी घेऊन मॅट उचलायच्या आणि दाराखाली टोचून बघायचं. पेट्या दोन्ही बाजूंनी कुजलेल्या असतील आणि वेल्डिंग बाहेरून करून घ्यायचं असेल, तर तीच मारुती दुसरीकडे बऱ्या पत्र्याची, पंधरा हजार जास्त देऊन घेणं स्वस्त पडतं. मामांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, तशी घेतली असती तर पोरीला पत्रा कापायला कुठं मिळाला असता.

इंजिन न खोलण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, जरी आता ते थोडं ऑइल खायला लागलंय आणि सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर दिसतो. पुढच्या ऑफ सीझनला फक्त रिंगा बदलायच्या की बोअर मारून पिस्टनही टाकायचे, यावर दोघांचं एकमत नाही. भाची म्हणते, आधी बोअर मोजू. मामांनी पिस्टनचा भाव काढून आणलाय.